काकांनी दिलेला शब्द

१८ नोव्हेंबर १९५८, मंगळवार. गिरगाव.

आज बाणगंगेवर आईचा दहावा झाला. तास झाला तरी पिंडाला कावळा शिवेना. काही इच्छा राहिली असेल, असे भटजी म्हणाले. तेव्हा काका पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, मधू विलायतेला जाणार नाही. माझा शब्द!" आणि कावळा आला.

"सुटली बिचारी," सगळे म्हणाले.

माझ्या वतीने शब्द देणारे हे कोण? स्वतः मँचेस्टरहून परीक्षा न देताच परत आले. वाटेत मलाच सांगतात, "अरे, आता मराठी राज्य येतंय. तुझ्यासारखे इंजिनियर इथंच हवेत."

आई अंथरुणावर पडूनही माझ्यासाठी स्वेटर विणत होती. मुंबईत स्वेटर कोण घालतो? एक बाही तेवढी राहिली. हीच तिची राहिलेली इच्छा. हे मी तिथे का बोललो नाही? तोंड उघडले नाही, याचाच जास्त संताप येतो. कावळा भुकेला होता, दुसरे काही नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ट्रंक काढली. एका बाहीचा स्वेटर, सुया न काढता, तळाशी ठेवला. त्यावर माझे शर्ट रचले.