आवाजाचं कुलूप

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण तू 'घरचं कसं आहे?' एवढं विचारून 'बरं, ठेवते' म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

माझ्या ऑफिसात हल्ली सगळे झोपेत बोलल्यासारखे बोलतात. आम्ही कॉम्प्युटरसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम काढली ना, तिला पासवर्डच नाही. ज्याचा कॉम्प्युटर, तो समोर बसून काहीही बोलला की आवाज ओळखून ती उघडते. माझं काम तिच्यातल्या फटी शोधायचं; म्हणजे पगार घेऊन चोरी करायची! दिवसभर निळसर उजेडात माणसं आपापल्या स्क्रीनशी कुजबुजत असतात आणि दुपारी मला वाटतं, आपण सगळे पाण्याखाली बसलोय. नकलाकार आणून झाले, रेकॉर्ड केलेला आवाज झाला, फोनवरचा झाला. सिस्टीम ढिम्म हलली नाही. मग माझ्या शेजारी बसणाऱ्या चष्मिशची बहीण घराची किल्ली द्यायला आली, तिच्या टेबलाशी टेकून म्हणाली, "ए बाई, आटप ना," आणि चष्मिशचा कॉम्प्युटर उघडला. आम्ही बघतच राहिलो. कुठकुठले नकलाकार गोळा केले, पण स्वतःची आई-बहीण आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ऑफिसात आईला कोण आणतं गं?

घरी येताना मला तुझं आणि आईचं ते शेवटचं भांडण आठवत राहिलं. मी दाराआड उभी होते. कोण ओरडतंय, कोण रडतंय, काही कळेना, कारण आवाज एकच होता. तुला आईचा गळा मिळाला, मला बाबांचा घोगरा. काय हेवा वाटायचा मला तुझा! अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू.

आई बरी आहे. गळ्याच्या ऑपरेशनची जखम भरलीय, जेवते, फिरते. आवाज मात्र गेला, आणि तो परत येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. तुला मी 'जरा बसलाय' म्हटलं होतं, कारण तिने खुणेने तसंच सांगायला लावलं. तिच्या कॉम्प्युटरवर आमची सिस्टीम मीच हौसेने घातली होती. त्यावर ती रोज काहीबाही बोलून ठेवायची. आपल्याला लहानपणी सांगितलेल्या गोष्टी, गुणगुणलेली गाणी, शेजारणीच्या चुगल्यासुद्धा. सगळं आत आहे. कंपनीलाही ते उघडता येत नाही, ह्याचाच तर आम्ही टेंभा मिरवतो. दुपारी ती त्याच्यासमोर बसते, ओठ हलवते, आणि स्क्रीन काळीच राहते. मग माझ्याकडे बघून हसते. ते हसणं मला बघवत नाही, ताई. मी बोलून पाहिलं, पण माझ्या घोगऱ्या आवाजाला ते दाद देत नाही.

आई-बहिणीच्या आवाजाने उघडायची ती फट मी कंपनीला कळवली आहे. गप्प बसणं शक्यच नव्हतं; किती जणांचं काय काय त्या कुलपात आहे. महिनाअखेरीला सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ती आपोआप बुजेल, आणि ते माझ्या हातात नाही. त्याआधी ये. एकदा उघडलं की आतलं सगळं मी काढून ठेवीन, मग तिला हवं तेव्हा ऐकता येईल. मिटवामिटवी करायला ये असं मी म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा. आईशी नाही बोललीस तरी चालेल. कॉम्प्युटरशी बोल. ती शेजारच्या खुर्चीत बसलेली असेल.

तुझीच,
धाकटी