दुकान विकायचे नाही, आणि गोळ्यांची डबी कोणाला द्यायची नाही

मी, तीन खुर्च्यांच्या केशकर्तनालयाचा अर्धा मालक, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (बायको सोडून, ते दडपण लग्नापासूनचे आहे) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. माझा हिस्सा विकून टाकावा, असे त्यात मी वैतागून लिहिले होते.

१. वैतागाचे कारण सांगणे भाग आहे. संधिवाताने माझी बोटे सुजली, मूठ वळेना, वस्तरा धरवेना. थरथरता हात मी कोणाच्या गळ्यापाशी नेणार नाही, म्हणून गिऱ्हाइकांना नुसते वर्तमानपत्र वाचून दाखवत बसलो. दुकानाचे दुसरे अर्धे मालक, माझे थोरले बंधू, म्हणाले, "हात गेले तुझे. विकून मोकळे होऊ." सूनबाई माझ्या हाताखाली कात्री शिकली आणि आज माझ्याहून बरे केस कापते. त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली.

२. मग डॉक्टरीणबाईंनी सूज उतरवणारी गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "आजोबा, हिनं संधिवात जात नाही, सूज आणि दुखणं उतरतं. उपाशीपोटी घ्यायची नाही. सोबत पोटाची गोळी घ्यायची. रक्तदाब बघत राहायचा, मूत्रपिंडासाठी रक्त तपासायचं. शौचाला काळं झालं तर गोळी बंद आणि थेट माझ्याकडे." मी सगळे पाळले. आणि काय सांगू! एका सकाळी शर्टाची बटणे माझी मी लावली. बायको बघतच राहिली. त्याच दिवशी दाढी केली. गिऱ्हाईक डुलक्या काढत होते, तरी एक ओरखडा नाही. दुकानात टाळ्या पडल्या. मी जिंकलो, हे कायद्याच्या कागदावर लिहून ठेवतो.

३. माझ्या गोळ्यांची डबी वारसाहक्काने कोणालाही मिळणार नाही. उरलेल्या गोळ्या औषधवाल्याकडे द्याव्यात. आमच्या घरात एकाला गुण आला की औषध घरभर फिरते. खोकल्याची बाटली तर शेजारीही मुक्काम करून येते. माझे हात बघून थोरल्यांनी आपल्या गुडघ्यांसाठी खणातल्या माझ्या गोळ्या गुपचूप सुरू केल्या. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे सगळ्या घराला ठाऊक होते. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, हे एकालाही ठाऊक नव्हते. पोटात रक्तस्राव झाला. रुग्णालयातल्या बाकावर बसून मी ढसाढसा रडलो. दुकानावरून त्यांच्याशी कितीही वाजले असले, तरी भाऊ माझा होता.

४. थोरले वाचले. घरी आल्यावर म्हणाले, "दाढी वाढलीय रे. परक्याला हात लावू देणार नाही मी." डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "करा, पण कापू नका. यांचं रक्त लवकर थांबत नाही." हनुवटीखाली त्यांना एक खळगा आहे, तिथे भलेभले कापतात. मी श्वास रोखून वस्तरा फिरवला. थोरल्यांनी गालावरून हात फिरवला.

"अरे, हललाच नाही की हात तुझा!"

"मग? विकायचं दुकान?"

"कोण म्हणतं विकायचं?"

तेच म्हणत होते, पण असो. आपला हिस्सा सूनबाईला लिहून द्यायला ते माझ्याआधी वकिलांकडे पोचले.

५. म्हणून माझाही हिस्सा, खुर्च्या, आरसे, कात्र्या, सगळे माझ्या पश्चात सूनबाईचे. पाटीवर तिचेच नाव घालावे. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. त्याने एकदा स्वतःचे केस कापले होते, त्याचे फोटो आहेत. ते मी त्याला देतो. राहते घर बायकोचे. ते आधीपासूनच तिचे होते, मी भाडेकरूसारखा राहिलो.

हे सर्व मी वाचून, समजून, मोठ्या आनंदाने सही केली आहे.

स्थळ : दुकान, मधली खुर्ची
दिनांक : नऊ मार्च

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार १ : कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

साक्षीदार २ : थोरले बंधू (सही)
साक्षीदाराची टीप : दर शनिवारी माझी दाढी हाच करतो. तरी हे मृत्युपत्र अमलात आणायची कोणीही घाई करू नये.