पलंगावरची नाव

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा कमरेपासून नमस्कार (त्याहून खाली वाकायला सध्या पाठ तयार नाही, कारण पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का?

सकाळपासून कानात एक जुना आवाज घुमतोय. कर्रर्र... धप्. कर्रर्र... धप्. आठवतो? आपल्या मधल्या खोलीतला पलंग. त्यावर तू आणि तुझी चिमुरडी लेक समोरासमोर बसायचात, मधे जळमटं काढायच्या झाडूचा दांडा. ती ओढायची, तू ढकलायचास, आणि नाव निघायची लांबच्या देशांना. पलीकडच्या खोलीत मी शाळेतल्या कविता घोकत असायचो आणि त्या आपोआप तुमच्या तालावर चालायच्या. (त्या तालात मी भुजंगप्रयातसुद्धा बसवलं होतं. पलंगाने कधी तक्रार केली नाही. पुढे त्याचा पाय मोडला, तो निराळ्या कारणाने असावा.)

तर ती चिमुरडी. देशासाठी वल्हं मारणारी, होडीच्या मधोमध बसणारी, सगळे जिला 'इंजिन' म्हणायचे ती. एके दिवशी वल्हं ठेवून ती मध्ययुगाचा इतिहास शिकायला गेली, तेव्हा तू म्हणालास, "जिवंत पाणी सोडून मेलेल्या राजांकडे निघाली," आणि बोलणंच टाकलंस. मग तिनेही टाकलं. दोघंही एकाच ताग्यातलं कापड! मी आपला मधल्यामधे निरोप्या. तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारताच सांगतो.

तिच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात मध्ययुगातला एक कोरीव दगड आहे. त्यावर एक नाव, आणि एकाच वल्ह्यावर दोन माणसं, एकमेकांकडे तोंड करून. आजवरचे विद्वान म्हणत आले की शिल्पकाराला नावेतलं ओ की ठो कळत नव्हतं. अशी समोरासमोर बसली तर नाव जाईल कुठे? तुझ्या लेकीने तो दगड पाहिला आणि तिथेच खो खो हसत सुटली (पहारेकऱ्याने तिला पाणी आणून दिलं). एक ओढतो, दुसरा ढकलतो, एवढं साधं! तिने प्रबंधाचं मोठं प्रकरण त्यावर उभं केलं. तिचे मार्गदर्शक, ज्यांना मी छत्रीवाले सर म्हणतो (ऊन नसो, पाऊस नसो, छत्री उघडीच), त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला हे सुचलं कुठून?" ही म्हणाली, "पलंगावरून." सरांनी छत्री मिटली, म्हणजे बघ. पण परीक्षक बधले नाहीत. येत्या रविवारी तलावावर अशी नाव चालवून दाखवा, नाहीतर प्रकरण गाळा, म्हणाले. ते गाळलं तर तिच्या सगळ्या मेहनतीतून उरते प्रस्तावना आणि शेवटी मानलेले माझे आभार.

सुताराने नाव झकास बांधली, आणि आज पहाटे आम्ही सरावाला तलावावर गेलो. डाव्या वल्ह्यावर दोन दणकट विद्यार्थी, त्यांचं उत्तम जमलं. उजव्यावर ती, आणि तिच्या समोर? ग्रंथपाल बसले, ते पहिल्याच ओढीला थेट तिच्या मांडीवर. छत्रीवाले सर बसले, पण छत्री सोडीनात. शेवटी मी म्हटलं, मला निदान तो ताल तरी पाठ आहे. हसू नकोस. सुरुवात फार सुरेख झाली. मी तालात शाळेतली कविता म्हणू लागलो, नाव निघाली, काठावर टाळ्या. मग नदीचं ते कडवं आलं. (तुला ठाऊक आहे, त्या कडव्याला मी डोळे मिटतो. गुरुजीही मिटायचे.) मी मिटले, ढकलायचं राहिलं, वल्ह्याचा दांडा छातीवर आला, आणि कडव्यासकट मी तलावात. पाणी कमरेएवढंच होतं. इभ्रत मात्र पुरती बुडाली. काठावरून सर म्हणाले, "मध्ययुगातही असे अपघात होत असणार, नोंद करून ठेवा." चष्मा अजून तळाशी आहे. अक्षर वाकडं आलंय ते म्हणून.

माझी पाठ चोळता चोळता ती म्हणाली, "काका, चूक तुमची नाही. समोरचा माणूस नजर वाचणारा लागतो. मी तेव्हा पाण्याकडे बघायचेच नाही, नुसतं बा..." आणि पुढचं अक्षर गिळून माझीच पाठ जोरात चोळायला लागली.

दादा, ती तुझ्याकडे पाठ फिरवून गेली असं तू म्हणतोस. अरे, ओढणाऱ्याची पाठ नाव जाईल तिकडे असते. तोंड समोरच्याकडेच असतं.

असो. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
(अजून पुरता न वाळलेला) धाकटा

ता. क. : तुझ्या माळ्यावरचं ते तुझं तरुणपणीचं जाड वल्हं मी पडद्याचा दांडा म्हणून मागून नेलं होतं. वहिनीने ते चादरीत गुंडाळून दिलं, तेव्हा ती फार गोड हसत होती. माझ्या खिडक्यांना पडदे नाहीत, हे तिला माहीत आहे.

पुन्हा ता. क. : हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच, की रविवारी ये. बोलू नका हवं तर. वल्हवताना बोलायचं नसतंच.

शेवटचा ता. क. : पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात दार वाजलं. उघडतो तर दारात तू! ना नमस्कार, ना चौकशी. "माझं वल्हं कुठाय? घेऊन चाललोय," एवढंच. आता तू स्वयंपाकघरात पाणी पितोयस, आणि तोंडावर विचारायची छाती नाही म्हणून मी इथे लिहितोय. पेला तू बोटांच्या टोकांनी धरलायस, कारण दोन्ही तळव्यांना नवी कोरी पट्टी गुंडाळलेली आहे, वल्हवणारे फोड येऊ नयेत म्हणून गुंडाळतात तशी. नुसतं वल्हं परत न्यायला पट्टी कशाला लागते रे, दादा?