लोणी लावलेले पंजे

प्रिय डेन्झिल,

पोचलो रे, पोचलो! इंग्लंडच्या दक्षिण टोकावरच्या कॉर्नवॉलहून थेट स्कॉटलंडच्याही उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर, तीन दिवस गाडीने आणि शेवटी बोटीने! आपली मांजर पिल्चर्ड वाटभर कानाशी बोंबलत होती.

मांजर जुन्या घरी पळू नये म्हणून नव्या घरात पंजांना लोणी लावतात ना? मी वेंधळीने निघतानाच लावलं! स्टिअरिंग, सीट, माझे केस, सगळीकडे लोण्याचे ठसे. बोटीवरचा म्हातारा खलाशी म्हणाला, "बाई, आता टोस्ट तेवढा राहिला!"

इथे पुन्हा लावलं. ते चाटून शेगडीपुढे निवांत झोपलीय.

"चार दिवसांत परत येशील," म्हणालास ना? याआधी दोनदा तुला सोडलं, दोनदा परत आले. म्हणून हे पत्र टाकणार नाही. पत्ता कळला तर न्यायला येशील, आणि मी निघेनही.

उरलेलं लोणी मी माझ्याच तळपायांना चोळलंय.

आता इथलीच,
लोवेना