मालक गेल्यावरचा नियम

महाड,
१६ नोव्हेंबर २००२

प्रिय उझैर,

अस्सलामु अलैकुम. तू बरा असशील असं धरून चालते, कारण पाकिटावरचं अक्षर सरळ होतं. ताप असला की तुझे काने वाकडे येतात. इथे रमजानचा पहिला आठवडा झाला. उन्हं अजून कडक आहेत, पण माझे रोजे नीट चालले आहेत.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. चौतीस टाइप केलेली पानं, पितळी रंगाच्या यंत्रमाणसाचं चित्र, वीस बाजूंचा फासा आणि चिठ्ठी. चिठ्ठीत दोनच वाक्यं: “अम्मी, इंग्रजी तपासून दे. आणि अब्बा गेले त्या दिवशी फोन खरंच बंद होता का?” अब्बा गेल्यापासूनच्या पंधरा महिन्यांत तू मला लिहिलेलं एवढंच.

पहिल्या वाक्याचं उत्तर आधी देते.

इंग्रजी चांगलं आहे. स्वल्पविराम तू शाळेतही चिमटीने मीठ टाकल्यासारखे टाकायचास, तेवढे काढले आहेत. पण माझ्याकडून एक घोटाळा झाला. पहिल्याच पानावर तू लिहिलंस की ही तुमच्या खेळातली नवी ‘रेस’ आहे. मला वाटलं, शर्यत. यंत्रांची शर्यत असेल, बैलगाड्यांची असते तशी. सात पानं मी तांबड्या शाईने त्याच समजुतीत दुरुस्त केली आणि समासात लिहिलं, “धावण्याचं अंतर किती ते कुठेच सांगितलेलं नाही.” आठव्या पानावर लक्षात आलं की ‘रेस’ म्हणजे लोक. पाचगणीच्या शाळेतल्या सिस्टर्सनी मला या वयातही बाकावर उभं केलं असतं. मराठीत काय म्हणावं ते मात्र सुचेना. जात म्हटलं तर आपल्याकडे त्या शब्दाला वेगळाच वास येतो, आणि वंश म्हणावं तर या लोकांना आईबाप नाहीत. तू त्यांना ‘घडीव’ म्हणतोस, तेच बरं आहे.

खेळ मला अजून पुरता कळलेला नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापला माणूस काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. मग जिंकतं कोण? चारदा शोधलं, सापडलं नाही.

आणखी एक. घडीव जेवत नाही, पाणी पीत नाही. मग त्याचा रोजा कायमचाच चालू असतो, की कधीच होत नाही? तू हसशील, पण परवा पहाटे सहेरीच्या वेळी भाकरी मोडताना मी खरंच यावर विचार करत होते. भूकच नाही तर सोडायचं काय?

यंत्राचं मला कळत नाही म्हणून मंगळवारी पानं घेऊन एस्टीने पोलादपूरला गेले, अब्बांच्या गॅरेजवर. इरशादभाई आता एकटेच सगळं बघतात. डोळ्यांना चष्मा लागला आहे, पण तो टायरवर ठेवतात आणि दिवसभर शोधतात. त्यांच्यापुढे चित्र धरलं. बराच वेळ बघितलं त्यांनी.

“भाभी, याचा रेडिएटर कुठं हाय?”

“नाही दिसत.”

“मग हा आंबेनळी घाट चढतो कसा? पहिल्या वळनाला उकळंल ना.”

घडीवांच्या गावाचं नाव तू पोलादपूर ठेवलंस हे सांगितल्यावर मात्र त्यांनी हात पुसून पानं हातात घेतली. म्हणाले, “मग आपलाच हाय की. याला काय नाय व्हायचं.”

शेजारी चंद्राबाई चहाची टपरी चालवते. तू गेल्यानंतर आली ती, वरच्या वाडीतली. रमजानात दिवसा गिऱ्हाइकं कमी, म्हणून येऊन बसली होती. तिने विचारलं, “ह्याला आय हाय का गो?”

“नाही. कोणीतरी बनवलेला आहे.”

“मंग रडतो कुनाच्या नावानं?”

पुढची पानं मी मराठी करून वाचत गेले. घडीवाची बलस्थानं: थकत नाही, विसरत नाही, विष चढत नाही. मग चौथं वाचलं. “मालक मेला तरी घडीव त्याचा शेवटचा हुकूम पाळत राहतो. मोडत नाही.”

चंद्राबाई म्हणाली, “म्हंजे बायकोच म्हना की.”

तिच्याकडे मालक म्हणजे नवरा, दुसरा अर्थच नाही. मी तिला समजावायला गेले, की बाई, हा धनी, यंत्राचा धनी. तिने ऐकूनच घेतलं नाही. “आमचं मालक जाताना म्हनालं, वढ्याकडच्या तुकड्यात नाचनी लावायची नाय. तीन वर्सं नाय लावली. पडीक ठेवला.”

“मग?”

“मंग लावली.”

“आणि?”

“डुकरांनी खाल्ली. म्हनून तं नको म्हनालं असतील.” आणि ती स्वतःच खो खो हसली. “पन लावली गो मी.”

मीही हसले. इरशादभाई हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि नसलेला चष्मा शोधायला लागले. त्यांनी मान का खाली घातली ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. परतीच्या गाडीत पानं मांडीवर होती, पण एक अक्षर वाचलं नाही.

आता दुसरं वाक्य.

फोन चालू होता.

बातमी कळून तू तिसऱ्या दिवशी आलास तेव्हा इरशादभाईंनी सांगितलं की पावसाने लाइन गेली होती. ते खोटं इरशादभाई माझ्यासाठी बोलले आणि मी शेजारी उभी राहून बोलू दिलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

तू शेवटच्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलंस, त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “मी सांगेपर्यंत उझैरला या घरातलं काही कळवायचं नाही.” मला वाटलं, महिनाभर चालेल. सहा वर्षं चाललं. नौशीनचं लग्न झालं, तुझ्या बहिणीचं, आणि तुला ते परक्याकडून कळलं. मी रोज वाट बघायची, आज सांगतील. ते वाईट नव्हते रे. कधी कधी पोस्टमन गेल्यावर विचारायचे, “काही नाही ना आलं?” मी म्हणायची, “नाही.”

ते सकाळी साडेनऊला गेले. मय्यत असरच्या नमाजनंतर, पाचच्या सुमारास उठली. तुला पुण्याहून यायला पाच तास, वरंधा घाट सुरू होता. हा हिशेब मी तेव्हाच केला होता. इरशादभाई रिसीव्हर हातात घेऊन उभे होते. म्हणाले, “भाभी, उझैरला लावू?” आणि मी म्हणाले, “त्यांनी सांगितलेलं नाही.”

अब्बा आतल्या खोलीत होते, चादर ओढलेली. कोण सांगणार होतं मला?

मी असं का म्हणाले, ते मला आजही कळत नाही. प्रेमाने म्हणाले की भीतीने, की नुसत्या सवयीने, खूप विचार केला. मुलांना मी तीस वर्षं शिकवलं की कारण लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. माझ्याकडे कारण नाही. तुला बापाच्या खांद्याला खांदा लावता आला असता, माती देता आली असती. ते मी घेतलं तुझ्याकडून. अब्बांनी नाही.

तू तो नियम माझ्यावरून लिहिलास का, हे विचारणार होते. विचारत नाही. पण तो बलस्थानांत बसत नाही, उझैर. मी तांबड्या शाईने बाण काढून खालच्या यादीत नेला आहे, दुबळेपणाच्या. तुझे मित्र म्हणतील की त्याने खेळ बिघडतो. बिघडू दे. आणि घडीवाला तो हुकूम मोडता यावा अशी काहीतरी सोय कर. वीसचा फासा टाकावा लागला तरी चालेल, डुकरांनी पीक खाल्लं तरी चालेल.

सगळी पानं सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवते. पुढची चौतीस तू पाठवशील की नाही, माहीत नाही. ईद पाच-सहा डिसेंबरला येईल. ये म्हणावं तर तोही एक हुकूमच होईल, आणि आला नाहीस तरी चालेल असं लिहिलं तर ते खोटं. म्हणून नुसती तारीख लिहिली आहे.

हे पत्र मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही.

तुझी अम्मी,
आयशा