तार तपासायची वेळ

४ नोव्हेंबर, सोमवार
धावड्याला पोचलो. जालन्याहून भोकरदन, तिथून जीप, आणि शेवटचे तीन किलोमीटर बद्रीनाथभाऊंच्या मोटारसायकलवर, मांडीवर माझी हत्यारांची पेटी. भाऊंना मक्याच्या कुंपणासाठी झटका मशीन हवी आहे, म्हणजे तारेत थांबून थांबून करंट सोडणारी पेटी. विकतची आहे, पण रानडुकरं तिला भीक घालत नाहीत. विकतचा माल गुदगुल्या करून राह्यला, तुमच्या हातची करा साहेब, असं भाऊ म्हणाले आणि मी जागच्या जागी विरघळलो. डिप्लोमाला चार वर्षं झाली, साहेब कोणी म्हणालं नव्हतं. आई तर या सगळ्याला नसते उद्योग म्हणते.

मळ्यात स्वच्छ खोली दिली आहे. भाऊंच्या बायकोने, बेबीनंदावहिनींनी, भरीत-भाकरी वाढली. त्या फार बोलत नाहीत. आणखी एक गडी आहे, राधेश्याम. तीन वर्षांपूर्वी मोटर दुरुस्तीला आला आणि इथलाच झाला. असा पाहुणचार असेल तर मीही होईन.

६ नोव्हेंबर
आज गंमत पाहिली. सकाळी सातला भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि राधेश्याम कुंपणाच्या तारेला तळहात लावतो. तो ओरडला की तार चालू. नाही ओरडला तर कुठेतरी गवत चिकटलंय, ते काढायचं. मी म्हणालो, भाऊ, दुकानात टेस्टर मिळतो. भाऊ म्हणाले, टेस्टर खोटं बोलंल, माणूस बोलत न्हाई. राधेश्यामही हसला. त्याचा तळहात टाचेसारखा झाला आहे. मीही हसलो, आता लपवून काय करू.

९ नोव्हेंबर
मशीन झाली! जुन्या टीव्हीची कॉइल, करंट साठवायला कंडेन्सर, बाकी माझं डोकं. निळी ठिणगी अशी कडाडली की वहिनींच्या हातून तांब्या पडला. भाऊंनी एक लंगडं कुत्रं आणून तारेवर ढकललं. ते केकाटत नाल्यापलीकडे गेलं. वाईट वाटलं. पण ठिणगी काय सुरेख होती! भाऊंच्या सांगण्यावरून पेटीवर लाल रंगात माझं नाव लिहिलं: अपूर्व.

११ नोव्हेंबर
आज राधेश्याम ओरडलाच नाही. तोंड उघडं राहिलं, गुडघे टेकले आणि आवाज नंतर आला. भाऊंनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला, गरम चहाचा घोट जिभेवर ठेवावा तसा. मग म्हणाले, अजून थोडं वाढवता येतंय का? मी नाही म्हणायला हवं होतं. मी दुप्पट मोठा कंडेन्सर बसवला. कौतुकाला हपापलेला माणूस काय वाटेल ते करतो.

१२ नोव्हेंबर
राधेश्याम मेला.

तार सुटली होती. मी बटण बंद केलं, पेटीवरचा दिवा विझला. त्याने दिव्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लाव हात, बंद आहे. बटण बंद केलं तरी कंडेन्सरमध्ये करंट भरलेला राहतो, हात लागला की सगळा एकदम सुटतो. तो आधी रिकामा करावा लागतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी विसरलो. मला घाई होती.

भाऊंनी गावात हार्ट अटॅक सांगितला. त्याचं कोणी नव्हतंच. सरणापाशी भाऊ माझ्या कानात म्हणाले, घाबरू नका साहेब, लाव हात म्हणलेलं फकस्त आम्ही दोघा नवरा-बायकोनं ऐकलं. अन् पेटीवर नाव तुमचंच हाय.

१४ नोव्हेंबर
फाटकालाही तार ओढली. कोणी? मीच. भाऊंनी सांगितलं, मी ओढली. माझा फोन त्यांच्या कपाटात आहे. चावी त्यांच्या कमरेला.

१५ नोव्हेंबर
सात वाजता खुर्ची मांडली. मला वाटलं, आता तरी टेस्टर आणतील.

मला हाक मारली.

१८ नोव्हेंबर
परवा दुरुस्तीच्या नावाखाली मशीनचा जोर उतरवला. आता नुसत्या मुंग्या येतात. मी बोंब ठोकतो, लोळतो, नाटकात शोभेल असा. भाऊ मान डोलावतात. जमतंय. डुकरांनी मका खाल्ला की उघडं पडेल, पण तोवर पळायचं काहीतरी सुचेल.

१९ नोव्हेंबर
वहिनी आज बोलल्या. राधेश्यामच्या आधी दोन वर्षं तार तपासायचं काम त्यांच्याकडं होतं. मला म्हणाल्या, तुम्ही आधी ओरडता अन् मंग हात काढता. खरा लागला की आवाज मागून येतो. मला शिकवतायत, असं वाटलं. मी हात जोडले. डोळे भरून आले.

२० नोव्हेंबर
वहिनीनेच सांगितलं त्याला, मी नाटक करतोय ते. पेटी उघडली — जोर पूर्ण केला — माझ्याच हाताने करायला लावला. मग तोच हात तारेवर.

डाव्या हाताने लिहितोय.

का सांगितलं, विचारलं तिला. म्हणाली, तुम्ही कच्चे निघाले तर माझीच पाळी हाय ना. दोन वर्षं बस झाले. रडत नव्हती. भाकरी थापत होती.

२१ नोव्हेंबर
पाया पडलो त्याच्या. म्हणालो, वहिनींना लावा. हो, मीच म्हणालो. ती दारात उभी होती — ऐकत —

तो लई खूश. म्हणाला, भांडू नका, उद्या दोघं. एकानं तार धरायची, दुसऱ्यानं त्याचा हात. पुढं कोण, तुमचं तुम्ही ठरवा.

पुढचा जवळजवळ सगळं अंगावर घेतो. मागच्याला उरलंसुरलं. दोघांसाठी जोर दुप्पट करून घेतलाय त्याने. मशीन माझी आहे. पुढचा उठणार नाही.

२२
उजाडलं. अंगणात खुर्ची ओढल्याचा आवाज.

ती हलकी आहे. खांद्याला धरून — एक ढकल पुरे. तिला दोन वर्षांची सवय — नाही, हे मी काय — पण मला जगायचंय, मला —

दार वाजलं. ती. चहा आणला असेल —

हात रिकामे. पदर खोचलेला. तिने माझं मनगट पक