मधला कप्पा

४ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. आज सकाळी पाणी भरलं. आत्या येऊन आईचे कपडे घेऊन गेली. दुपारी औषधाच्या दुकानातून निरोप आला की इन्सुलिन आलंय, घेऊन जा. गेलो. डॉलरअभावी बंदरात अडकलेला माल परवा सुटला म्हणे. आई होती तेव्हा अख्ख्या शहरात एक बाटली मिळेना. दुकानदाराला ती गेल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने पिशवी काउंटरखाली ठेवली.

तू परत गेल्यापासून फ्रिजचा मधला कप्पा रिकामाच आहे. तिथे औषधाशिवाय काही ठेवलं की ती ओरडायची. अजून हात धजत नाही.

चाचणी नीट दे. वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा

२० मार्च

ती. बाबांस, शि. सा. न.

चाचणी झाली. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्थेच्या पेपरात विचारलं होतं, परकीय चलन संपत आलं तर सरकारने कोणत्या आयातीला आधी डॉलर द्यावेत. मी लिहिलं, आधी इंधन, मग धान्य, मग औषधं. मुद्देसूद लिहिलं. काल सरांनी माझंच उत्तर वर्गात वाचून दाखवलं.

बाबा, ते उत्तर चूक नाही, हेच सहन होत नाही. इंधन नसतं तर तिला दवाखान्यात न्यायला गाडीही मिळाली नसती. पण त्या क्रमात खाली आपली आई होती. मला हे शिकायचं नाही. खोली सोडते आणि घरी येते. शिकवण्या घेईन. रागावू नका.

तुमची,
ठमी

२८ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. रागावलो नाही.

शेवटच्या आठवड्यात मी आईला सांगितलं होतं, औषध बंदरात आहे, पण ते सोडवायला डॉलर नाहीत. ती हसली. म्हणाली, आपली ठमाबाई अख्ख्या जगाचा बाजारहाट शिकायला गेली, आणि आईची एक बाटली काही तिला आणता येईना. मग म्हणाली, तिला इतक्यात कळवू नका, पुस्तकं टाकून धावत येईल.

घर तुझंच आहे. आईची आठवण येते म्हणून ये, मी स्टेशनवर घ्यायला येईन. पण उत्तर बरोबर आलं म्हणून पळून येऊ नकोस.

मला एक कळत नाही. क्रम ठरवणाऱ्यांनी इन्सुलिनचा विचार करून ते खाली ठेवलं, की ते त्यांना आठवलंच नाही? माझ्या लेखी दोन्हींत फार फरक आहे. त्यापायी झोप लागत नाही. मी इथे कुणाला विचारणार? तू शोध. वर्षं लागली तरी चालेल, पण खरं काय ते मला सांग.

माया आहेच, ती लिहिता येत नाही.

तुझे,
बाबा

ता. क. पत्र अर्धं ठेवून दूध तापवलं होतं. ते निवलं. पातेलं मधल्या कप्प्यात ठेवलं आणि दार लावलं.